मिठाचा साबण: खोबरेल, कॉस्टिक आणि पावसाळी हवा

घरी साबण करणाऱ्या वाचकांचे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी अशा सगळ्या बाजूंनी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचा विषय मिठाचा साबण हाच आहे. खोबरेलाच्या साबणात बारीक मीठ घालून केलेली ही वडी नदीतल्या गोट्यासारखी टणक आणि गुळगुळीत होते, सायीसारखा दाट फेस देते आणि साध्या घरगुती साबणापेक्षा जास्त दिवस पुरते. मात्र मीठ आणि साबण यांचं मुळात जमत नाही. खाली विचारलेल्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघालेल्या आहेत.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): मिठाच्या साबणाचं अचूक प्रमाण आणि कृती हवी आहे. कुणी वाटीने सांगतं, कुणी चमच्याने. पहिल्यांदाच करणार आहे, त्यामुळे थोडाच करायचा आहे.

वाटी आणि चमचा बाजूला ठेवा. साबणात सगळं वजनावर चालतं, पाणीसुद्धा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आधी घ्या, बाकीचं सामान नंतर. तेलाची पिशवी लिटरवर मिळते आणि एक लिटर तेल एक किलो भरत नाही, ९१० ते ९२० ग्रॅमच भरतं. पिशवीवरचा आकडा धरून चाललात तर हिशोब तिथेच चुकतो.

पहिल्या घाण्याला खोबरेल ४०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, शेंगतेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) ६९ ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी १५० ग्रॅम आणि बारीक मीठ २५० ग्रॅम घ्या. वास हवा असेल तर वाळ्याचं तेल १० ग्रॅम. गवती चहाचं तेल वापरणार असाल तर ५ ग्रॅमवर थांबा, ते काहींच्या त्वचेला झोंबतं. एवढ्यात ९५ ग्रॅमच्या आसपासच्या दहा वड्या होतात. मिश्रण ८५० मिलीच्या आसपास भरतं, त्या अंदाजाने साचे काढून ठेवा.

कॉस्टिकचा ६९ हा आकडा कुठून आला तेही सांगतो, म्हणजे प्रमाण बदलायचं झालं तर तुमचं तुम्हाला करता येईल. एक ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो, शेंगतेलाला ०.१३६ आणि एरंडेलाला ०.१२८. म्हणजे ७३.२ अधिक ६.८ अधिक ६.४, एकूण ८६.४ ग्रॅम. यातला २० टक्के आपण मुद्दाम कमी करतो, राहतात ६९. त्यामुळे तेवढं तेल साबण न होता वडीत तेल म्हणूनच राहतं. साध्या साबणात ही सूट ५ टक्के पुरते. इथे २० टक्के लागते, कारण खोबरेलाचा साबण मळ जोरात काढतो आणि एवढं जादा तेल नसेल तर अंग कोरडं पडून ताणतं.

आता कृती. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे. मुलं आणि मांजर दोन्ही बाहेर. भांडं स्टीलचं. जर्मलचं भांडं अजिबात नको, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. पाणी आधी भांड्यात घ्या आणि त्यात कॉस्टिक थोडा थोडा सोडत ढवळा. क्रम उलटा झाला, म्हणजे कॉस्टिकवर पाणी ओतलं, तर ते उसळून अंगावर येतं. द्रावण एका मिनिटात ८० अंशांच्या वर जातं आणि नाकाला झोंबणारी वाफ येते. हे काम परसात किंवा खिडकीपाशी करा आणि भांड्यावर वाकू नका.

द्रावण ३५ ते ४० अंशांवर येईपर्यंत थांबा. तेलं एकत्र करून तितकीच कोमट करा. मग तेलात द्रावण गाळून ओता आणि हँड ब्लेंडर पाच सेकंद चालू, दहा सेकंद बंद असा फिरवा. खोबरेल जास्त असल्यामुळे दोन-चार मिनिटांतच मिश्रण दाटतं. ब्लेंडर उचलल्यावर पडलेल्या धारेची रेघ वर क्षणभर दिसून बुडाली की तो हलका ट्रेस. ब्लेंडर तिथेच बंद करा. सुगंधी तेल आणि मीठ आता घाला आणि हे मात्र चमच्याने कालवा. मिठानंतर मिश्रण भरभर घट्ट होतं, म्हणून साचे आधीच मांडून ठेवलेले हवेत. ब्लेंडर नसेल तर स्टीलच्या व्हिस्कने अर्धा-पाऊण तास ढवळावं लागेल. लाकडी रवी वापरू नका, कॉस्टिकने ती सोलवटते आणि तिच्या कुसळ्या साबणात उतरतात.

सुट्या वड्यांचे सिलिकॉनचे साचे पहिल्या वेळी सगळ्यात सोपे. दुसऱ्या दिवशी वड्या काढा आणि मध्ये बोटभर अंतर ठेवून वारा लागेल अशा जागी सहा आठवडे मुरू द्या.

प्रश्न (हुक्केरी): घरी लाकडी घाण्याचं शेंगतेल भरपूर असतं. खोबरेल महाग पडतं. सगळा मिठाचा साबण शेंगतेलाचा केला तर चालेल का? एकदा अर्धं-अर्धं घेऊन केला, पण फेसच आला नाही.

फेस येणारच नव्हता. साबणाच्या कारखान्यात मोठ्या कढईत शिजलेल्या साबणावर मिठाचं पाणी ओततात. मिठाने साबणाची विद्राव्यता इतकी कमी होते की तो फाटलेल्या दुधासारखा गोळा होऊन वर येतो, आणि खाली राहिलेलं ग्लिसरीनचं खारं पाणी वेगळं काढून घेतात. साबण पाण्यातून हाकलून बाहेर काढायचा असला की मीठ घालायचं, हीच ती रीत. तुमच्या वडीत बाथरूममध्ये तेच होतं. हातावर पाणी पडलं की आधी मीठ विरघळतं आणि शेंगतेलाचा साबण त्या खाऱ्या पाण्यात विरघळायला नकार देतो. साबण विरघळला नाही तर फेस कशाचा येणार?

खोबरेल याला अपवाद आहे. त्यात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, आणि या आखूड साखळीच्या आम्लाचा साबण खाऱ्या पाण्यातही विरघळतो. समुद्रावर जहाजातले लोक खाऱ्या पाण्यात आंघोळीला खोबरेलाचाच साबण वापरत, तो याच गुणामुळे. मिठाच्या साबणात खोबरेल ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. काही जण १०० टक्के घेतात, तोही चांगला होतो; ५०० ग्रॅम खोबरेलाला ७३ ग्रॅम कॉस्टिक लागेल.

शेंगतेल वाया घालवायचं नसेल तर बिनमिठाचा साबण करा. खोबरेल २५० ग्रॅम, शेंगतेल २०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक ७५ ग्रॅम, पाणी १६५ ग्रॅम. यात जादा तेल ५ टक्केच आहे. साबण मऊ स्वभावाचा आणि अंगाला छान होतो. सहा-आठ महिन्यांत वापरून टाका.

प्रश्न (निपाणी): पावाच्या लांबट साच्यात मिठाचा साबण ओतला. दुसऱ्या दिवशी कापायला घेतला तर सुरी लागताच तुकडे पडले, कडांचा भुगा झाला. मीठ जास्त झालं का? तेल एक किलो, मीठ एक किलो असं प्रमाण होतं.

मीठ जास्त झालं हे खरं, पण मुख्य चूक दुसऱ्या दिवशी कापण्याची आहे. साधा साबण चोवीस तासांनी कापतात, मिठाचा तेवढा थांबत नाही. नारळाच्या वड्या आठवा. ताटात थापल्यावर गरम असतानाच रेघा पाडल्या तर वड्या सुटतात, गार झाल्यावर सुरी घातली तर फुटतात. इथेही तसंच आहे, फक्त वेळ थोडा लांबतो.

ओतल्यावर मिश्रण स्वतःच तापतं. साचा हाताला चांगला गरम लागेल आणि मधला भाग जरा पारदर्शक, मेणासारखा दिसेल. ती उष्णता ओसरू लागली की वरून अंगठा दाबून पाहा. ठसा हलका उमटला, पण अंगठ्याला काही चिकटलं नाही, तर ती कापायची वेळ. मे महिन्यात हे तासाभरात येतं, डिसेंबरच्या थंडीत दोन ते तीन तास लागतात. पहिल्या तासानंतर दर वीस मिनिटांनी बघत राहा, ओतून बाजाराला जाऊ नका. साबण कोमट असतानाच पातळ पात्याच्या लांब सुरीने सरळ खाली दाबून कापा, करवतीसारखं मागेपुढे नको.

मिठाबद्दल सांगायचं तर तेलाच्या निम्मं मीठ हे नवख्यासाठी बेताचं प्रमाण. हात बसल्यावर ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जा. तेलाइतकंच मीठ घालणारेही आहेत, पण त्यांनी लांबट साच्याच्या वाट्याला न जाता सुट्या वड्या ओताव्यात. मीठ जितकं जास्त तितका फेस कमी आणि कडा ठिसूळ.

भुगा फेकू नका. नीट वाळवून डब्यात ठेवा आणि पुढच्या घाण्यात तेलाच्या १० टक्क्यांपर्यंत मिठाबरोबर कालवा. पुन्हा वितळवून वड्या पाडायचा खटाटोप मात्र करू नका. मिठामुळे तो एकजीव होत नाही, दाणेदार लगदा हाती येतो.

प्रश्न (जांबोटी, खानापूर तालुका): वाळलेल्या वड्यांवर पावसाळ्यात पाण्याचे थेंब येतात. पुसले तरी सकाळी पुन्हा ओल्या. गोकर्णकडून आणलेलं सानिकट्ट्याचं खडे मीठ मिक्सरमध्ये फिरवून घातलं होतं. साबण बिघडला का?

बिघडला नाही. हवेतलं पाणी ओढून घेतोय.

शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा शोषून विरघळू लागतं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ याच्या वरच असते. शिवाय साबण होताना तयार झालेलं ग्लिसरीन वडीतच असतं, तेही पाणी ओढतं. त्यामुळे घाटमाथ्याच्या पावसात मिठाचा कोणताही साबण थोडा घामेजणारच.

तुमच्या बाबतीत मिठाने त्यात भर घातली आहे. मिठागरातलं न धुतलेलं खडे मीठ स्वयंपाकाला चवदार, पण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. मॅग्नेशियम क्लोराईड ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढायला लागतं, म्हणजे कोरड्या मार्चमध्येसुद्धा. वर मॅग्नेशियम आणि कॅल्शियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट थर करतात आणि फेस मारतात. साबणासाठी साधं, बारीक, शुद्ध केलेलं पिशवीतलं मीठ घ्या. आयोडीनयुक्त असलं तरी हरकत नाही. मीठ ओलं होऊ नये म्हणून त्यात घातलेल्या पदार्थाचाही त्रास होत नाही.

कोणतंही मीठ घेण्याआधी पारखायची सोपी रीत आहे. एका बशीत एक चमचा पिशवीतलं मीठ, दुसऱ्या बशीत एक चमचा नवं मीठ घ्या आणि रात्रभर दोन्ही उघड्यावर शेजारी ठेवा. सकाळी पहिलं कोरडं आणि दुसरं ओलसर दिसलं, तर ते दुसरं साबणात नको.

सैंधव चालतं, पण पिठीसाखरेइतकं बारीक करूनच. त्याचे कण टोकदार असतात, रवाळ राहिले तर अंगावर ओरखडे काढतात. काळं मीठ नको, त्याचा गंधकाचा वास साबणात राहतो. एप्सम सॉल्ट हे तर मॅग्नेशियमचंच मीठ, ते पूर्ण वर्ज्य.

सध्याच्या वड्यांना आलेलं पाणी सुक्या पंचाने टिपा. धुवू नका. दिवसभर पंख्याखाली ठेवा आणि वरून कोरड्या झाल्या की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डब्याच्या तळाशी सिलिका जेलच्या पुड्या किंवा फडक्यात बांधलेले, तव्यावर कोरडे भाजून गार केलेले मूठभर तांदूळ ठेवा. तांदूळ दर पंधरा दिवसांनी पुन्हा भाजावे लागतील. पुढच्या वर्षीपासून घाणा नोव्हेंबर ते एप्रिल या काळातच घाला.

प्रश्न (अथणी): आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. बाजारातल्या साबणाचाही फेस होत नाही, बादलीला पांढरी साय धरते. मिठाचा साबण अशा पाण्यात चालेल का? आणि साबण करताना हेच पाणी वापरावं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: करताना हे पाणी वापरू नका. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, पाच लिटरच्या कॅनमध्ये २५-३० घाणे सहज होतात. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कॉस्टिक पडताच गढूळ साका धरतात आणि तो साका वडीत जातो.

वापरायला मात्र खोबरेलाचा साबण जड पाण्यात इतर साबणांपेक्षा बरा फेस देतो. बादलीला साय धरायची पूर्ण थांबणार नाही. ती कमी करायला लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, उपयोगी पडतं. वरच्या ५०० ग्रॅम तेलाच्या घाण्याला ५ ग्रॅम पुरे. ते कॉस्टिक घालण्याआधी पाण्यात पूर्ण विरघळवा. एवढं आम्ल सुमारे ३ ग्रॅम कॉस्टिक खातं, म्हणून कॉस्टिक ६९ ऐवजी ७२ ग्रॅम घ्या. ही वाढ विसरलात तर साबण बिघडणार नाही, पण मऊ आणि तेलकट होईल. सायट्रिक ॲसिडपासून तयार होणारा सोडियम सायट्रेट पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतो, त्यामुळे ते साबणाच्या वाटेला कमी जातं.

प्रश्न (चिकोडी): शेंगतेलाऐवजी करडईचं तेल १५० ग्रॅम घातलं. दोन महिन्यांनी वड्यांवर नारिंगी ठिपके पडले आणि जुन्या तेलाचा खवट वास येतोय.

तेल खवटलं आहे. करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं आणि ते हवेशी चटकन संयोग पावतं. त्यात मिठाच्या साबणात २० टक्के तेल मोकळंच राहिलेलं असतं, म्हणजे खवटायला माल तयार. सूर्यफुलाच्या तेलाचंही असंच होतं. करडई, सूर्यफूल आणि तळणीतून उरलेलं कोणतंही तेल या साबणात घालू नका. लोखंडी जाळीवर वड्या वाळवल्या तरी जिथे लोखंड टेकतं तिथे असे ठिपके आधी पडतात. बांबूची चाळण किंवा सुपात कागद अंथरून वाळवा. ठिपके पडलेल्या वड्या अंगाला न लावता फरशी-मोरी धुवायला वापरा.

प्रश्न (बेळगुंदी): कॉस्टिक सोड्याची भीती वाटते. त्याऐवजी धुण्याचा सोडा किंवा चुलीच्या राखेचं पाणी वापरता येईल का?

नाही. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि खाण्याचा सोडा म्हणजे बायकार्बोनेट. या दोन्हींनी तेलाचा साबण होत नाही, तेल वर तरंगत राहतं. राखेच्या पाण्यातला क्षार पोटॅशचा असतो. त्याला चुना घालून तीव्र केलं तरी साबण होतो तो मऊ, लेपासारखा. आणि त्याची तीव्रता घाण्यागणिक बदलते, म्हणून हिशोब बसत नाही. कॉस्टिकला पर्याय नाही आणि तयार वडीत तो मोकळा राहतही नाही, तेलाशी संयोग पावून संपतो.

भीती वाटते हे चांगलंच आहे, फक्त ती तयारीत उतरवा. रसायनांच्या दुकानातून शुद्धता छापलेली पुडी घ्या, ९७-९८ टक्क्यांची असावी. मोरी मोकळी करायची पावडर घेऊ नका, तिच्यात इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात. कॉस्टिक हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो, म्हणून पुडी फोडली की उरलेला लगेच जाड प्लास्टिकच्या घट्ट बरणीत भरा, बरणीवर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि ती स्वयंपाकघरात ठेवू नका. पांढरे पापुद्रे साखरेसारखे, खडीसाखरेसारखे दिसतात. लहान मुलाला फरक कळत नाही.

हातावर थेंब उडाला तर नळाच्या धारेखाली किमान पंधरा मिनिटं धरा. लिंबू पिळायचं नाही, व्हिनेगर लावायचं नाही. आम्ल-अल्कलीच्या संयोगातून उष्णता निघते आणि भाजलेली जागा आणखी बिघडते. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून अर्धा तास वाहतं पाणी आणि लगेच दवाखाना. पोटात गेलं तर उलटी करवू नका, तसंच हॉस्पिटलला न्या.

प्रश्न (नंदगड): घरी भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) आहे. घालता येईल?

जरूर. शेंगतेलाच्या ५० ग्रॅमच्या जागी तेवढंच भिरंडेल घाला. कॉस्टिकचा आकडा जवळजवळ तोच राहतो, ६९ ग्रॅमच घ्या. ते ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तेल आणि द्रावण दोन्ही ४२ ते ४५ अंशांवर ठेवा. गार तेलात काम केलं तर भिरंडेल गोठून मिश्रण घट्ट दिसतं आणि ट्रेस आल्याचा भास होतो. ओतल्यावर मग वर तेलाचा तवंग सुटतो. थंडीच्या दिवसांत नुसत्या खोबरेलातही हे होतं, कारण ते २४-२५ अंशांना गोठतं. हिवाळ्यात तवंग सुटल्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच असतं. तवंग साच्यातच दिसला आणि मिश्रण अजून मऊ असेल तर सगळं परत पातेल्यात काढा, गरम पाण्यावर ४० अंशांपर्यंत तापवा आणि पुन्हा कालवा.

प्रश्न (खानापूर): हळद घातली तर मिश्रण लालभडक झालं. भेसळ आहे का?

भेसळ नाही. हळद अल्कलीत लाल होते. पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तोच प्रकार. वडी मुरताना रंग तांबूस-केशरी होतो आणि उजेडात फिका पडत जातो. रांगोळीचे किंवा होळीचे रंग मात्र घालू नका. तुळस, कडुलिंब, झेंडूच्या पाकळ्या ताज्या घालू नका, त्या काळ्या पडतात.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): सात महिन्यांच्या बाळाला हा साबण लावावा का? आणि मिठाने खरूज जाते असं ऐकलं, ते खरं का?

बाळाला नको. दाढी केल्या केल्या, जखमेवर, इसबावर किंवा भेगाळलेल्या टाचांवरही नको, झोंबतो. खरूज किड्याने होते, ती साबणाने जात नाही; डॉक्टरांचं औषध घ्या आणि घरातल्या सगळ्यांनी एकदमच घ्या.

प्रश्न (संकेश्वर, महिला बचत गट): आमच्या गटाला साबण करून जत्रेत आणि दुकानांतून विकायचा आहे. काय लागतं?

परवाना लागतो. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायदा १९४० आणि कॉस्मेटिक्स नियम २०२० प्रमाणे विक्रीसाठी उत्पादन करायला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून उत्पादन परवाना घ्यावा लागतो. ‘घरगुती’ किंवा ‘नैसर्गिक’ असं छापल्याने त्यातून सूट मिळत नाही. वेष्टनावर नाव, घटक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापरायची मुदत, परवाना क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता हवा. ‘पुरळ बरं होतं’ असं काही छापलंत तर माल औषधाच्या नियमांत जातो.

वजन छापण्याआधी वड्या सहा आठवडे मुरू द्या. ओली वडी ९७ ग्रॅम भरली तरी पाणी उडाल्यावर ती ९० च्या आसपास येते. ओल्या वजनाचं लेबल लावलंत तर ग्राहकाला माल कमी जातो. एक वही करा आणि प्रत्येक घाण्याची तारीख, तेलांचं वजन, कॉस्टिकचं वजन आणि कुणी तोललं ते लिहा. कॉस्टिक एकीने तोलावा आणि दुसरीने काट्यावरचा आकडा वाचून लिहावा. गटात काम करताना गप्पांच्या नादात तो दोनदा पडण्याचा धोका असतो, आणि तशी वडी दिसायला अगदी चांगल्या वडीसारखीच असते.

प्रश्न (येळ्ळूर): वडी वापरण्याजोगी झाली हे कसं ओळखावं? आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घरचाच साबण हवा असेल तर कधी करावा?

तीन दिवसांनी ओलं बोट वडीवर चोळा आणि तो फेस जिभेच्या टोकाला लावा. खारट आणि साबणाची चव लागणारच. बॅटरीचं टोक जिभेला लावल्यासारखा चटका बसला तर कॉस्टिक मोकळा आहे. लगेच चूळ भरा. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा, तेव्हाही चटका बसला तर तोलण्यात चूक झाली आहे आणि तो घाणा अंगाला लावायचा नाही. पीएचच्या कागदावर ९ ते १० दिसेल. खऱ्या साबणाचा पीएच एवढाच असतो, तो सातवर आणायला लिंबू घालू नका, साबण फाटून तेल सुटतं.

सहा आठवडे ही कमीत कमी मुदत. संक्रांतीला ओतलेली वडी होळीपर्यंत वापरायला निघते, पण खोबरेल-मिठाची वडी चार-सहा महिन्यांनी आणखी सौम्य होते आणि तिचा फेसही दाटतो. दिवाळीसाठी श्रावण-भाद्रपदात घाणा घातलात तर तो ओल्या हवेत मुरणार नाही, घामेजत बसेल. मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या सुरुवातीला ओता, मे संपेपर्यंत उघड्यावर मुरू द्या आणि पहिला वळीव चुकवता आला नाही तरी मृगाच्या आधी एकेक वडी बटर पेपरात गुंडाळून घट्ट डब्यात बंद करा. डबा एकदम नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री उघडा. आंघोळ झाल्यावर वडी जाळीच्या साबणदाणीत उभी ठेवा, तळाशी पाणी साचू देऊ नका.